जुन्या शिडाच्या बोटीची रब रेल बदलताना

रब रेल म्हणजे बोटीच्या कडेनं नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत फिरणारी पट्टी. धक्क्याचा, खांबाचा, शेजारच्या बोटीचा मार तिनं खायचा आणि बोटीचं अंग वाचवायचं. पण फायबरच्या बहुतेक जुन्या बोटींत ती आणखी एक गोष्ट झाकून असते: खालचा हल (बोटीचं पाण्यात बसणारं अंग) आणि वरचा डेक जिथे एकमेकांवर बसतात तो सांधा. केबिनमध्ये खिडकीखाली ओल दिसली की लोक खिडकीचं सीलंट बदलत बसतात, आणि पाणी मात्र हातभर पुढच्या रब रेलच्या स्क्रूवाटे आत शिरत असतं. त्यामुळे पट्टी दिसायला वाईट झाली एवढ्याच कारणानं काम काढलं असलं तरी क्रम बदलू नका. आधी सांधा पाहायचा, मग तो बंद करायचा, नवी पट्टी सगळ्यात शेवटी. रेल उतरलेली असते तेवढेच दिवस त्या सांध्याला हात लावता येतो.

आपली रेल कोणती, आणि काय बदलायचं

१९७० आणि ८०च्या दशकांतल्या बोटींवर सहसा दोन भागांची रेल असते. कडक पीव्हीसीची किंवा ॲल्युमिनियमची चॅनेल स्क्रूनं किंवा रिव्हेटनं बोटीला धरलेली असते, आणि तिच्या खोबणीत दाबून बसवलेली मऊ व्हिनाइलची पट्टी त्या स्क्रूंना झाकते. ही आतली पट्टी आधी मरते. व्हिनाइलला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हानं हळूहळू निघून जातं, पट्टी कडक आणि खडूसारखी पांढुरकी होते, आणि लांबीला आखडते. पिछाडीच्या कोपऱ्यात वीतभर खोबण उघडी पडून स्क्रूची डोकी दिसायला लागली, की समजा हेच झालंय.

चॅनेल शाबूत असेल तर नुसती आतली पट्टी बदलून भागतं, आणि ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. ठरवायच्या आधी पट्टी दोन-तीन ठिकाणी उपसून स्क्रूच्या भोवती नीट पाहा. भोकापासून कडेकडे गेलेल्या बारीक चिरा, नखानं दाबल्यावर तुकडा निघेल असा ठिसूळपणा, किंवा ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि फुगवटे दिसले तर चॅनेलही गेलेली आहे. गंजाचे तपकिरी ओघळ खालच्या कडेनं येत असतील तर स्क्रूही गेले आहेत, आणि तिथून पाणी आत जात असण्याची शक्यता मोठी. लाकडी रेल आणि तिच्यावरची स्टीलची अर्धगोल पट्टी हे वेगळं सुतारकाम आहे, ते इथे घेतलेलं नाही. सांध्याबद्दलचं जे पुढे आहे ते मात्र तिलाही तसंच लागू पडतं.

माप

इथे घाई केली की पुढे सगळं अडतं. रेलच्या टोकाचा पाच सेंटीमीटरचा तुकडा कापून घ्या आणि कापलेला छेद कागदावर ठेवून पेन्सिलीनं उतरवा. लागणारी मापं अशी: पूर्ण उंची, बाहेर येणारी जाडी, खोबणीच्या तोंडाची रुंदी, खोबणीची खोली, आणि पाठीची बाजू सपाट आहे की फ्लँजवर (बाहेर वळलेल्या कडेवर) चढणारी आहे. खोबणीच्या तोंडात एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तर पट्टी एक तर आत जात नाही, नाही तर पहिल्या घासातच बाहेर येते. म्हणून चॅनेल एकाची आणि आतली पट्टी दुसऱ्याची असा मेळ घालू नका. जुना आकार मिळत नसेल तर दोन्ही नवीन घ्या.

हल आणि डेकची कड बाहेर वळलेली असेल आणि रेल त्या फ्लँजवर टोपीसारखी बसत असेल, तर फ्लँजची जाडी किमान पाच-सहा ठिकाणी मोजा. हातानं थर लावून केलेल्या बोटीत ती सगळीकडे सारखी नसते. नाळेजवळ आणि कोपऱ्यांत थर एकावर एक येतात, तिथे ती जास्त भरते. सगळ्यात जाड जागा चालेल अशी रेल निवडा. सपाट पाठीची रेल असेल तर नवीन रेलची उंची जुनीइतकी किंवा थोडी जास्त हवी, कमी नको. कमी घेतली तर जुनी भोकं आणि रंग न उडालेल्या जेलकोटचा (फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराचा) पट्टा कायम वरून दिसत राहतो.

लांबीसाठी कापडी टेप बोटीच्या कडेवरूनच फिरवा. बोटीच्या कागदावरची लांबी दुपटीनं धरली तर माप चुकतं, कारण कड वाकलेली असते. साधारण ८ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद बोटीला दोन्ही बाजू आणि ट्रान्सम (पिछाडीची आडवी भिंत) धरून १८ ते १९ मीटर भरतात. चॅनेल त्यावर दहा टक्के जास्त घ्या. आतली पट्टी एकसंध मिळत असेल तर एकच तुकडा घ्या, आणि त्यातही अर्धा मीटर जास्तीचा.

सामान

वरच्या मापाच्या बोटीसाठी:

- ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, १५०. दर १५ सेंटीमीटरला एक धरला तर १२५ लागतात. नाळेवर आणि कोपऱ्यांत दाट लावायचे असतात, चार-दोन वायाही जातात.
- पॉलियुरेथेन सीलंटच्या ३०० मिलिलिटरच्या ४ नळ्या. ६ मिलिमीटर जाडीची रेघ एका नळीत जेमतेम साडेदहा मीटर जाते, म्हणजे वरच्या कडेलाच दोन संपतात. बाकीच्या दोन सांध्याला आणि भोकांना.
- इपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारं रेझिन), सुमारे अर्धा लिटर, आणि ती घट्ट करायला कोलॉइडल सिलिकाची भुकटी.
- ॲसिटोन फायबरसाठी, आयसोप्रोपिल अल्कोहोल पीव्हीसीसाठी. ॲसिटोननं पीव्हीसी विरघळून चिकट होतं, त्यामुळे दोन फडकी वेगळी ठेवा.
- मास्किंग टेप, ८० नंबरचा पॉलिश पेपर, प्लॅस्टिकच्या खरवडण्या, रबरी हातोडी, हीट गन, काउंटरसिंक बिट (भोकाच्या तोंडाला खळी पाडणारा), टोकांच्या कॅप.

सीलंटबद्दल थोडं स्पष्ट सांगायला हवं. सिलिकॉन या कामात आणूच नका. ते फायबरवर नीट धरत नाही आणि जिथे लागतं तिथे मागे असा थर ठेवतं की पुढे त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. पॉलिसल्फाइड फायबरवर उत्तम आहे, पण पीव्हीसीला ते कडक आणि ठिसूळ करतं. थ्रीएम ५२००सारखं कायमचं चिकटणारं सीलंट सांध्याच्या आत भरायला चालतं, कारण तो सांधा उघडायचा नसतोच. तेच रेलखाली लावलं तर पुढच्या वेळी रेलबरोबर जेलकोटही निघून येईल. रेलसाठी मध्यम ताकदीचं, सिकाफ्लेक्स २९१ किंवा थ्रीएम ४२०० या जातीचं घ्या.

उतरवणं

पहिला स्क्रू काढण्याआधी आत जाऊन पाहा. कपाटांच्या मागे, बंकच्या (झोपायच्या फळीच्या) वरच्या कोपऱ्यात सांध्याची आतली बाजू कुठे तरी दिसते. तिथे रेलच्या बोल्टांचे नट दिसत असतील, म्हणजे तेच बोल्ट हल आणि डेक एकत्र धरत असतील, तर सगळी रेल एकदम उतरवायची नाही. मीटर-दीड मीटरचा भाग घ्यायचा, बोल्ट काढला की त्याच भोकात तात्पुरता बोल्ट आणि वॉशर घालून सांधा दाबून धरायचा, मग पुढे सरकायचं. सांध्याला वेगळे बोल्ट असतील आणि रेलचे स्क्रू नुसते वरून मारलेले असतील तर ही अडचण नाही. वायर कुठून गेली आहे तेही याच वेळी पाहून ठेवा. बाजूच्या दिव्यांची वायर पुष्कळदा याच सांध्याला लागून जाते.

आता जुन्या रेलच्या वरच्या कडेला लागून, बोटीच्या अंगावर मास्किंग टेपची सलग रेघ मारा, दोन्ही बाजूंना. नवी रेल सरळ बसवण्याचा एवढा खात्रीचा दुसरा उपाय नाही. टेप मागे राहिली नाही तर दोन्ही बाजूंच्या उंच्या डेकवरून मोजून जुळवत बसावं लागतं, आणि डेकची कड स्वतःच सरळ नसते.

टोकांच्या कॅप काढा, आतली पट्टी पिछाडीकडून पक्कडीनं धरून उपसा. कडक झाली असेल तर तुकड्या-तुकड्यांनी येते. स्क्रूच्या खाचेतली घाण टोच्यानं साफ करून मगच स्क्रूड्रायव्हर लावा, आणि जोर देताना आधी थोडा घट्ट करून मग सैल करा. त्यानं गंजाची पकड सुटते. डोकं गेलंच तर डोक्याच्या मापाच्या बिटनं डोकं ड्रिल करून उडवा, रेल निघाल्यावर उरलेला दांडा पक्कडीनं फिरवून निघतो. रिव्हेट असतील तर आधी मधली कांडी पंचनं आत ठोका, मग ४.८ मिलिमीटरच्या बिटनं फक्त डोकं कापा. रिव्हेट बिटबरोबर फिरायला लागला तर जोर वाढवू नका, भोक मोठं होईल. पक्कडीनं धरून फिरणं थांबवा.

रेल सीलंटनं चिकटली असेल तर हीट गननं चॅनेल कोमट करत, मागे प्लॅस्टिकची खरवडणी सरकवत जा. मधे अडलं तर मासेमारीची जाड तंगूस दोन्ही हातांत धरून करवतीसारखी ओढा. लोखंडी पटाशी घातली की जेलकोटचा टवका ठरलेला.

सांधा

ही जागा निवांत बघण्यासारखी आहे. जुनं सीलंट कोरडं होऊन भुगा झालेलं, मधेच मोकळी फट, कुठे हिरवट ओलं: असं सलग काही मीटर दिसलं तर नवल नाही. सैल झालेलं सगळं सीलंट बारीक आकड्यानं उकरून काढा. जे घट्ट धरून आहे ते राहू द्या.

गळती शोधायला पाइपनं पाणी मारायची रीत आहे, पण पाणी आत शिरल्यावर दोन-दोन मीटर आडवं वाहून भलत्याच ठिकाणी टपकतं. त्यापेक्षा बोटीच्या आत हवा भरा. हॅच (डेकमधली झाकणं), हवेची भोकं, सिंकची आणि कॉकपिटची (मागच्या उघड्या बसायच्या जागेची) आत उघडणारी ड्रेन टेपनं बंद करा, एका हॅचवर पुठ्ठा लावून त्यातून पानं उडवायच्या ब्लोअरचं तोंड आत सोडा आणि कमी वेगावर चालवा. बाहेरून सांध्यावर साबणाचं पाणी फवारत जा. जिथे बुडबुडे फुगतील तिथे पेन्सिलीची खूण. हा प्रयोग जुन्या भोकांवरही करा. कोणतं भोक आरपार आहे ते लगेच कळतं.

फट ३ मिलिमीटरहून कमी असेल तर ॲसिटोननं पुसून, कोरडी करून, सीलंट नळीच्या तोंडानं आत ढकलत भरा. वरवर लेप दिला तर आत पोकळी राहते आणि पहिल्या थंडी-उन्हात ती उघडते. फट त्याहून मोठी असेल, किंवा फ्लँजला उभी चीर गेली असेल, तर ते सीलंटचं काम नाही. घट्ट इपॉक्सी भरून, चीर असेल तिथे फायबरचे थर देऊन ती दुरुस्ती आधी पूर्ण करायची. रेलखाली झाकली जाते म्हणून ती तशीच ठेवली तर पुढच्या धक्क्याला चीर वाढेल, आणि तोवर ती कुणाला दिसणारही नाही.

जुनी भोकं

जुन्या भोकांत जुनेच स्क्रू परत घालण्याचा मोह होतो. नव्या चॅनेलची जागा तंतोतंत तीच येत नाही आणि झिजलेल्या आट्यांत स्क्रू धरत नाही. सगळी भोकं भरा. प्रत्येक भोकाला काउंटरसिंकनं हलकी खळी करा, म्हणजे इपॉक्सीला धरायला कड मिळते आणि नंतर जेलकोट फुटत नाही. भोक अल्कोहोलनं पुसा. आधी पातळ इपॉक्सी काडीनं आत लावा, मग सिलिका घालून काडीवरून ओघळणार नाही इतकी घट्ट केलेली इपॉक्सी सिरिंजनं भोकाच्या तळापासून भरत बाहेर या. वरून भरली तर आत हवा अडकते. आरपार भोकांना आतून टेप लावा.

इपॉक्सी सुकल्यावर तिच्यावर मेणासारखा चिकट थर येतो. तो आधी पाण्यानं आणि घासणीनं धुवायचा, पॉलिश पेपर त्यानंतर. उलट केलं तर तो थर कागदाबरोबर पसरतो आणि सीलंट त्यावर धरत नाही. घासताना मास्क हवाच. फायबरची धूळ घशात आणि त्वचेत दिवसभर टोचत राहते.

चॅनेल बसवणं

पीव्हीसी उन्हात किती वाढतं याचा अंदाज सहसा येत नाही. सहा मीटरचा तुकडा ३० अंशांच्या फरकात सुमारे सेंटीमीटरभर लांब होतो. थंड सकाळी दोन तुकडे टोकाला टोक भिडवून आवळले तर दुपारी ते स्क्रूंच्या मधे लाटांसारखे उचलले जातात. म्हणून काम शक्यतो कोमट दिवशी करा, आणि थंडीत करावंच लागलं तर तुकड्यांमध्ये काही मिलिमीटरची फट सोडा. चॅनेलमधलं भोकही स्क्रूपेक्षा एक-दीड मिलिमीटर मोठं हवं, म्हणजे तिला सरकायला वाव राहतो. ॲल्युमिनियम याच्या निम्म्याहून कमी वाढतं, पण स्टेनलेस स्क्रू त्याला खाऱ्या पाण्यात खातो. प्रत्येक स्क्रूच्या डोक्याखाली टेफ-जेलसारखी वेगळं ठेवणारी पेस्ट लावा.

आधी सीलंट न लावता सगळी रेल टेपनं बोटीवर टांगून पाहा आणि दहा पावलं मागे जाऊन नजर टाका. जवळून न दिसणारा वाक लांबून लगेच डोळ्यात येतो.

सुरुवात नाळेपासून. रेल एकसंध असेल तर तिचा मध्य नाळेवर धरा आणि दोन्ही बाजू बरोबरीनं मागे न्या. तुकडे असतील तर प्रत्येक बाजू नाळेकडून मागे. दोन्ही टोकं आधी पक्की करून मधे यायचं नाही. उरलेली लांबी मधे फुगवटा होऊन बसते. नाळेच्या वळणासाठी चॅनेल आधी खोबणीत दोर किंवा जुन्या पट्टीचा तुकडा घालून हीट गननं तापवा. गन वीतभर लांब आणि सतत हलती. पृष्ठभाग चकाकायला लागला की पुरे झालं. त्यापुढे तो लोळतो. वाकवून हातमोज्यांनी तसंच धरून ठेवा, गार झाल्यावर सोडा. खोबणीत काही न घालता वाकवली तर तोंड मिटतं आणि आतली पट्टी तिथे जात नाही. वळण फारच तीव्र असेल तर मागच्या ओठाला करवतीनं व्ही आकाराच्या खाचा द्या.

४.८ मिलिमीटरच्या स्क्रूला फायबरमध्ये ४ मिलिमीटरचं भोक, ४.२ च्या स्क्रूला साधारण ३.४ चं. एका टाकाऊ तुकड्यावर आधी करून पाहा. जेलकोटवर बिट आधी उलट फिरवून खळी पाडली तर कड फुटत नाही. नवं भोक भरलेल्या जुन्या भोकाच्या कडेवर येत असेल तर बिट घसरतो. एक तर त्याच्या मधोमध घ्या, नाही तर दोन सेंटीमीटर लांब. अंतर १५ सेंटीमीटर, वळणावर ७-८, आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाजवळ, कडेपासून अडीच-तीन सेंटीमीटर आत एक. स्क्रूची लांबी आतून तपासा. कपाटात टोक बाहेर येत असेल तर ते कापून कानस मारा. अंधारात सामान काढताना हात फाटतो.

स्क्रूचं डोकं खोबणीत पूर्ण बुडतं का हेही याच वेळी पाहा. उंच डोक्याचा स्क्रू घेतला तर आतली पट्टी दर १५ सेंटीमीटरला टेंगूळ आल्यासारखी दिसते.

सीलंट दीड-दोन मीटरच्या टप्प्यांनी, साल धरायच्या आत पुरं होईल एवढंच लावा. रेलच्या पाठीवर वरच्या कडेनं सलग रेघ, प्रत्येक भोकाभोवती एक कडं. खालची कड मोकळी. यावर वाद होतात, पण आमचं मत पक्कं आहे: खालून बंद केलं तर वरून कधी तरी शिरलेलं पाणी रेलच्या मागे अडकून राहतं आणि स्क्रू कुजवतं. बोटीची कड जिथे सगळ्यात खाली उतरते तिथे खोबणीच्या तळाला ५ मिलिमीटरचं भोकही पाडा. ड्रिल मशीनचा क्लच कमीत कमी ठेवा आणि शेवटचा अर्धा आटा हातानं फिरवा. डोक्याभोवती पीव्हीसी दबून खळगा पडला म्हणजे जास्त आवळलं; तिथेच पुढे चीर जाते. खोबणीत सीलंट आलं तर ते ओलं असतानाच पुसा, सुकल्यावर त्या जागी पट्टी बसत नाही.

आतली पट्टी

पट्टी गुंडाळीत आलेली असते आणि तिला गुंडाळीची सवय लागलेली असते. आदल्या दिवशी जमिनीवर लांब पसरून ठेवा. बसवायच्या आधी उन्हात किंवा गरम पाण्याच्या बादलीत मऊ करा. वंगण म्हणून फक्त साबणाचं पाणी वापरा. तेल व्हिनाइलला खातं.

एक जण पट्टी पुरवतो, दुसरा वरची कड खोबणीत अडकवून खालची कड बोथट लाकडी पाचरीनं आत ढकलतो आणि रबरी हातोडीनं ठोकतो. मऊ झालेली पट्टी ओढली की सहज लांबते, काम भराभर होतं, आणि सगळा घात इथेच होतो. ताणलेली पट्टी काही आठवड्यांत मूळ लांबीवर येते आणि दोन्ही टोकांना फट पडते. म्हणून उलट करा: दर अर्ध्या मीटरला बसलेली पट्टी हातानं तीन-चार मिलिमीटर मागे रेटा, जणू ती खोबणीत कोंबायची आहे. जोड द्यावाच लागला तर तो ट्रान्समच्या मधोमध द्या, चॅनेलच्या जोडावर कधीही नको.

दोन्ही टोकांना सहा-सात सेंटीमीटर पट्टी जास्त सोडा आणि दोन आठवडे तशीच लोंबू द्या. ऊन-थंडी खाऊन ती जेवढी आखडायची तेवढी आखडली, की धारदार सुरीनं कॅपच्या आत येईल अशी कापा, टोकाजवळ पट्टीतून आरपार एक छोटा स्क्रू मारा, आणि त्यावर कॅपच्या आतल्या बाजूला सीलंट लावून कॅप बसवा. मग सांध्याच्या आतल्या बाजूला, हात पोचेल तिथे कोरडा टिश्यू पेपर टेपनं चिकटवून ठेवा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तो पाहा. डाग पडला असेल तर त्याच्या आसपासच्या स्क्रूपासून नाळेच्या दिशेनं शोधायला सुरुवात करा. बोटीची कड नाळेकडे चढती असते, त्यामुळे पाणी सहसा पुढून मागे उतरतं.